जुन्या ट्रॅक्टरचे टाय रॉड एंड बदलणं आणि टो-इन लावणं

बांधावरचा

मंडळी, जुना टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे, स्टिअरिंग साधं, पॉवर नाही. ड्रॉप आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्सबाहेरचा हलणारा दांडा) एक ड्रॅग लिंक डाव्या चाकाच्या आर्मला जाते आणि एक्सलच्या मागून आडवा टाय रॉड डाव्या आर्मवरून उजव्या आर्मला. स्टिअरिंग चाकाच्या कडेला मोजलं तर मोकळा फेर 9-10 सेंमी येतोय. पुढच्या टायरच्या रिब आतल्या बाजूने खाल्ल्यात. टॉप गिअरला रस्त्यावर चाकं थरथरतात.

टाय रॉडचे दोन्ही एंड (टोकाचे बॉल जॉइंट) बदलायचे आहेत. नुसते एंड बदलून भागेल का? काढताना काय सांभाळायचं? आणि नंतर चाकं सरळ कशी लावायची? अलाइनमेंटचं मशिन नाही. टेप, जॅक, पाने आणि दोन हातोडे आहेत.

जुना_पाना

एंड आणायच्या आधी मोकळीक नेमकी कुठे कुठे आहे ते शोधा. 10 सेंमी फेर एकट्या टाय रॉडचा क्वचितच असतो, थोडा थोडा सगळीकडून जमा झालेला असतो.

इंजिन बंद, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. एकाला सीटवर बसवा आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलकं हलवायला सांगा, चाक वळेपर्यंत नको, फक्त मोकळीक संपेपर्यंत. तुम्ही खाली बसून प्रत्येक सांध्यावर पंजा असा ठेवा की अर्धा सांध्याच्या डोक्यावर आणि अर्धा आर्मवर येईल. डोळ्याला न दिसणारी अर्धा मिमी मोकळीकसुद्धा हाताला कळते. क्रम असा ठेवा: स्टिअरिंगचा दांडा, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकचं मागचं टोक, पुढचं टोक, डावा आर्म, टाय रॉडचं डावं टोक, उजवं टोक, उजवा आर्म. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो सांधा गेला.

दांडा फिरतोय पण ड्रॉप आर्म थांबलाय, तर दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये. त्याला एंड बदलून काडीचाही फरक पडणार नाही.

मग पुढचा एक्सल उचला. टायर घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा, खुळखुळलं तर टाय रॉड नाहीतर आर्म. 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा, खुळखुळलं तर हब बेअरिंग किंवा किंगपिनचे (चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) बुश. बेअरिंग की बुश हे कळायला एकाने टायर हलवायचं आणि दुसऱ्याने किंगपिनच्या वरच्या टोकाकडे बघायचं. पिनसुद्धा डोलते आहे तर बुश.

ग्रीसगन

वरच्यात एक भर. चाकाचा आर्म किंगपिनच्या वरच्या टोकावर चावीने किंवा स्प्लाइनवर बसतो आणि बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट ढिला असला किंवा चावीची खाच रुंद झाली असली की लक्षणं हुबेहूब खराब बॉल जॉइंटची दिसतात. लोक नवे एंड बसवतात आणि मोकळीक तशीच राहते. आर्म आणि पिन यांच्यावर खडूची एकच आडवी रेघ ओढा आणि स्टिअरिंग हलवा. रेघ तुटली की चोर सापडला.

एक्सलच्या मधली पिनही पाहा. जॅक इंजिनाच्या पुढच्या सपोर्टखाली लावा, म्हणजे एक्सल लटकेल, आणि एक्सल-सपोर्टच्या मध्ये पहार घालून पुढे-मागे रेटा. ती पिन सैल असेल तर सगळा एक्सलच तिरका होतो आणि तुम्ही लावलेला हिशेब पाण्यात.

बांधावरचा

तपासलं. टाय रॉडची दोन्ही टोकं गेली आहेत, प्रत्येकी साधारण 1 मिमी तरी हलतात. ड्रॅग लिंकचं पुढचं टोक पण गेलंय, मागचं ठीक. खडूची रेघ दोन्हीकडे अखंड. किंगपिनचे बुश डावीकडे किंचित, पण चालण्यासारखे. मधली पिन घट्ट. बॉक्समध्ये थोडा फेर आहे.

आटेदार

मग तीन एंड लागतील. आणायला जाताना जुना एंड खोलून सोबत नेणं उत्तम. ते शक्य नसेल तर ही मापं लिहून न्या:

आट्यांचा व्यास आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर). आटे उजवे की डावे. टेपर (निमुळत्या) पिनचा वरचा आणि खालचा व्यास. पिनवरच्या नटाचे आटे. डोक्याच्या मध्यापासून आट्यांच्या टोकापर्यंतची लांबी.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या मापात होतो. जुन्या ट्रॅक्टरना इंची आटे असू शकतात. एका इंचात 16 आटे म्हणजे पिच 1.5875 मिमी. मेट्रिकचा पिच 1.5. दोन-तीन फेरे दोन्ही एकमेकांत जातात, मग आवळ येते, आणि माणूस पाना लावून जोर करतो. तिथे आटे मेलेच. पिच गेज नसेल तर नव्या आणि जुन्या एंडचे आटे एकमेकांत टेकवून उजेडासमोर धरा. 15-20 आट्यांच्या लांबीत फरक लपत नाही. हाताने शेवटपर्यंत जात नाही तो एंड त्या रॉडचा नाही, एवढं लक्षात ठेवा.

डाव्या आट्यांच्या एंडवर बहुतेक वेळा L कोरलेला असतो. लॉक नट पण डाव्या आट्यांचाच लागतो, तो विसरू नका.

टेपर दुकानातच ताडून घ्यायचा असेल तर जुनी पिन नव्याशेजारी उभी करा. लांबी सारखी पण निमुळतेपणा वेगळा, असे एंड मिळतात. ते बसतात, नटही लागतो, पण आर्मच्या भोकात फक्त एका कडेला टेकतात आणि महिनाभरात भोक अंडाकृती करतात.

जुना_पाना

आता काढणं. सपाट, कडक जमीन. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. पुढचा भाग उचलून एक्सलच्या दोन्ही बाजूंना स्टँड लावा, नुसत्या जॅकवर काम नको. एक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून एका बाजूला जोर लावला की दुसरी उठते. एक्सल आणि पुढचा सपोर्ट यांच्यामध्ये दोन्हीकडे लाकडी पाचर ठोका, मग तो हलत नाही.

खोलण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं: टाय रॉडच्या एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंत माप घ्या आणि लिहा. ड्रॅग लिंकचंही तसंच. मिमीमध्ये, अंदाजे नको.

स्प्लिट पिन काढा. सरळ निघाली नाही तर एक टोक कापा, दुसऱ्या बाजूने ओढा. खाचांचा नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाशी सपाट होईल इतकाच ठेवा. टेपर सुटतो तेव्हा झटक्याने सुटतो, नट असेल तर रॉड पायावर पडत नाही.

मग दोन हातोड्यांची रीत. आर्मच्या ज्या डोळ्यात पिन बसलीय, त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा किंवा घण टेकवून धरा आणि बरोबर समोरच्या बाजूला दुसऱ्या हातोड्याने जोरात, नेमके घाव घाला. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि टेपर सोडून देतो. दोन-चार कडक घाव पुरतात, शंभर हलके घाव काही करत नाहीत. पिनच्या टोकावर खालून ठोकू नका. टोक फुलतं आणि नट निघत नाही.

दुभंगी पाचर (सांधा फाकवून सोडवायची दोन दातांची) वापरली तर सांध्याचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटतो. एंड टाकूनच द्यायचा असेल तर चालेल, पण ड्रॅग लिंकचं मागचं टोक ठेवायचंय, तिथे पाचर लावू नका. स्क्रूचा पुलर असेल तर तो ताणून ठेवा आणि त्याच ताणावर डोळ्याला एक घाव घाला.

सैल_बोल्ट

गॅसने डोळा लाल केला की एका मिनिटात सुटतो. एवढं ठोकत बसायचं कशाला?

आटेदार

सुटतो, पण आर्म घडीव पोलादाचा आणि उष्णोपचार केलेला असतो. लाल केला की त्याची ताकद गेली, आणि स्टिअरिंगचा आर्म वाकण्याऐवजी तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय बॉल जॉइंट म्हणजे ग्रीस भरलेली बंद डबी. तापली की बूट किंवा खालची चकती उडू शकते, समोर तोंड असतं. टाय रॉडच्या ट्यूबमध्ये (नळीत) अडकलेले आटे सोडवायला बाहेरून मंद आच चालेल, तेही एंड आधी आर्ममधून काढून, रॉड बाकावर घेऊन. आर्मला नाही.

वेल्डिंगचाही विचार कुणी मनात आणू नये. वाकलेला टाय रॉड ठोकून सरळ करायचा नाही, ट्यूब नवी घ्यायची. रॉड एक्सलच्या मागे असेल आणि वाकला असेल तर त्याची लांबी कमी होते, म्हणजे चाकं पुढे फाकतात. रिब आतून खाल्ल्या असतील तर आधी रॉडवर सरळ पट्टी धरून बघा.

सैल_बोल्ट

बरं, आर्म तापवत नाही. पण गंजलेले आटे ट्यूबमधून हलतच नाहीत, त्याचं काय?

ग्रीसगन

क्लॅम्पचे बोल्ट काढा, क्लॅम्प मागे सरकवा. ट्यूबला उभी चीर असते, त्या चिरेत छिन्नी हलकेच ठोकून केसभर फाकवा. आटे वायर ब्रशने घासा, गंज सोडवणारं तेल किंवा डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल, रात्रभर. मग एंडचं डोकं व्हाइसमध्ये धरा आणि ट्यूब पाईप पान्याने फिरवा. आधी थोडं आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या, पुढे-मागे. कुठली बाजू डाव्या आट्यांची ते आधी पाहा. उलट्या दिशेने पाईप पान्याला पाईप जोडून लटकणारे कमी नाहीत.

आटेदार

बसवताना:

ट्यूबचे आतले आटे साफ करा, एंडच्या आट्यांना ग्रीस किंवा गंजरोधक पेस्ट लावा. पुढच्या वेळी तुम्हीच दुवा द्याल. पण टेपरला आणि आर्मच्या भोकाला ग्रीस अजिबात नाही. तिथे दोन्ही पृष्ठभाग कापडाने कोरडे. टेपर घर्षणावर धरतो, तेलकट टेपर जास्त खोल ओढला जातो आणि चालताना फिरू लागतो.

नवी पिन हाताने भोकात दाबून बसवा आणि डोलवून पाहा. डोलली तर टेपर चुकीचा किंवा भोक खराब. टेपरवर मार्करच्या चार उभ्या रेघा ओढून, दाबून थोडी फिरवा. रेघा पूर्ण लांबीत पुसल्या पाहिजेत. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला पुसल्या तर बसवू नका. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचांच्या वर निघून गेलं, तर पिन जास्त आत गेली आहे, म्हणजे आर्मचं भोक झिजलंय. खाली वॉशर घालून ते झाकणं म्हणजे दोष लपवणं. आर्म बदला.

नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. खाच आणि भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. जुळवायला मागे सोडायचं नाही, कधीच. नट फिरवताना पिनच फिरत असेल तर एंडच्या डोक्याखाली जॅक लावून वर दाबा, टेपर पकडतो.

स्प्लिट पिन नवी, भोकाच्या मापाची. जुनी सरळ करून घालणं, तार गुंडाळणं, खिळा घालणं, यातलं काही नाही.

आट्यांची पकड: एंड ट्यूबमध्ये निदान त्याच्या व्यासाच्या दीडपट तरी गेला पाहिजे. 18 मिमीचा एंड असेल तर 27 मिमी आत. रॉडच्या दोन्ही टोकांना साधारण सारखा.

जुना_पाना

आणि मध्य-ते-मध्य लांबी जुन्या मापावर लावा. "किती फेरे निघाले तेवढेच फेरे घाला" हे नव्या एंडला लागू नाही, कारण नव्या एंडची मान दोन-तीन मिमी कमी-जास्त असू शकते.

आटेदार

फेरे मोजणं अगदी निरुपयोगी नाही हो, कुठून सुरुवात करायची ते कळतं. पण शेवटचा शब्द टेपचा, हे मान्य.

मोजपट्टी

आता टो-इन. मला वाटतं या धाग्यात खरं महत्त्वाचं हेच आहे, कारण इथेच लोक "साधारण सरळ दिसतंय" म्हणून उठतात.

नेमका आकडा तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात पाहा. पुस्तक नसेल तर बहुतेक जुन्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरना 3 ते 6 मिमी टो-इन चालतो. म्हणजे दोन्ही रिमच्या पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा 3 ते 6 मिमी कमी. टो-इन का ठेवायचा? चाक पुढे गडगडताना जमीन त्याला मागे ओढते, आणि टायरचा मध्य किंगपिनच्या बाहेर असल्यामुळे चाक पुढून फाकतं. सांध्यांमधली मोकळीक त्या दिशेला जाते. आधी थोडं आत घेऊन ठेवलं की चालताना जवळपास सरळ होतं.

मोजायची रीत: दोन्ही टायरमध्ये हवा सारखी, चाकं जमिनीवर, स्टिअरिंग सरळ. ट्रॅक्टर ढकलून किंवा हळू चालवून 3-4 मीटर पुढे घ्या आणि थांबवा. मागे घेऊ नका. मागे घेतलं की मोकळीक उलट्या बाजूला जाते आणि माप खोटं येतं. हबच्या मध्याच्या उंचीवर दोन्ही रिमच्या आतल्या कडेवर, पुढच्या बाजूला खडूची खूण करा. दोन खुणांमधलं अंतर लिहा. आता ट्रॅक्टर पुढे घ्या, चाकाचा बरोबर अर्धा फेर, म्हणजे त्याच खुणा हबच्या उंचीवर मागे येतील. परत त्याच खुणांमध्ये मोजा. रिमची तीच जागा दोनदा मोजली, म्हणून रिम वाकडी असली तरी हिशेब चुकत नाही. पुढे-मागे वेगवेगळ्या जागी मोजलंत तर जुन्या रिमचा वाकडेपणाच तुम्ही टो-इन समजून दुरुस्त कराल.

मध्ये इंजिनाचा भाग येत असेल तर टेप झुकतो. दोन सरळ पट्ट्या एकमेकांवर सरकवून, क्लॅम्पने धरून मोजा.

आणखी एक. रॉड किती फिरवायचा ते अंदाजाने करू नका. किंगपिनच्या मध्यापासून आर्मवरच्या बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. रिमवर जिथे खूण केली तिथला व्यास मोजा. व्यास भागिले आर्म, हा गुणक. रॉड 1 मिमी लांब केला तर रिमवर फरक तेवढ्या पटीने पडतो.

बांधावरचा

एंड बसले. जुनं मध्य-ते-मध्य माप तसंच ठेवलं. खोलण्याआधी याच रीतीने मोजलं होतं: पुढे 1182, मागे 1168. नवे एंड बसवून: पुढे 1179, मागे 1170. आर्म 150 मिमी, खुणेपाशी रिमचा व्यास 440.

रॉडची रचना अशी: डाव्या टोकाला एंड ट्यूबमध्ये आट्यांनी, क्लॅम्पसकट. उजव्या टोकाचा दांडा ट्यूबमध्ये सरकतो, त्याला भोकं आणि बोल्ट. पिच 1.5.

मोजपट्टी

छान मापं दिलीत. आधी टो-आउट (टो-इनच्या उलट, पुढचं अंतर मागच्यापेक्षा जास्त) 14 होता, आता 9. लांबी तीच असूनही 5 मिमी सुधारणा झाली, कारण दोन सांध्यांची मिळून 2 मिमी मोकळीक गेली. 440 भागिले 150 म्हणजे 2.93. 2 मिमीचे जवळपास 6 मिमी. हिशेब जुळतो. आतल्या रिब का खाल्ल्या तेही यात आलं.

आता टो-आउट 9 पासून टो-इन 4 वर यायचंय, म्हणजे रिमवर 13 मिमी. भागिले 2.93, म्हणजे रॉड 4.4 मिमी लांब. रॉड एक्सलच्या मागे आहे, म्हणून लांब केला की चाकं मागून फाकतात आणि पुढून आत येतात. रॉड एक्सलच्या पुढे असता तर नेमकं उलट.

एका बाजूला डावे आणि दुसऱ्या बाजूला उजवे आटे असते, तर आर्ममधून काहीही न काढता ट्यूब फिरवता आली असती, फेऱ्याला दोन पिच म्हणजे 3 मिमी. तुमच्याकडे आटे एकाच टोकाला. म्हणजे पिन आर्ममधून काढून एंड फिरवावा लागेल, आणि पूर्णच फेरा फिरवावा लागेल, कारण अर्ध्या फेऱ्याला पिन उलटी खाली बघते. एक फेरा 1.5 मिमी, रिमवर 4.4. तीन फेरे बाहेर काढा: 13.2. टो-इन 4 च्या आसपास यावा. यापेक्षा बारीक तुमच्या रॉडला जमणार नाही, आणि गरजही नाही.

तीन फेरे बाहेर काढल्यावर आत किती आटे उरतात ते पाहा. 27 मिमीपेक्षा कमी असतील तर थांबा आणि उजव्या टोकाचं भोक तपासा.

ग्रीसगन

भोकांवरून एक आठवलं. असा टाय रॉड असलेल्या ट्रॅक्टरला पुढच्या चाकांची रुंदी बदलली की रॉडही तेवढाच बदलावा लागतो. एक्सल दोन्हीकडे 50-50 मिमी बाहेर काढला, तर रॉड 100 मिमी लांब झाला पाहिजे. कुणीतरी एक्सलचं एक भोक बदललं आणि रॉडचं नाही, मग उरलेलं अंतर आट्यांवर ओढून भागवलं, असे रॉड दिसतात. एंड तीन-चार आट्यांवर लटकत असतो.

तीनबिजागरी

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे जुना मॅसी फर्ग्युसन 35 किंवा फर्ग्युसन टीई 20 असेल तर त्यांच्यासाठी: यांना आडवा टाय रॉड नाही. स्टिअरिंग बॉक्सला दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म, आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र लांब ड्रॅग लिंक. टो-इन दोन्ही लिंक मिळून ठरवतात. एकट्या लिंकवर सगळा फरक काढला तर टो-इन येतो पण स्टिअरिंग चाक वाकडं राहतं. आधी बॉक्स मध्यावर आणा, मग एक्सलच्या मधोमध दोरी धरून प्रत्येक चाक त्या दोरीशी वेगवेगळं लावा, अर्धा टो-इन इकडे, अर्धा तिकडे. चाकांची रुंदी बदलताना मात्र यांच्या लिंकना हात लावावा लागत नाही, एक्सलचा आकारच तसा केलाय.

जुना_पाना

आता ड्रॅग लिंक. टाय रॉड आधी, ड्रॅग लिंक नंतर, हा क्रम मोडू नका. टाय रॉड दोन चाकांचं आपसातलं नातं ठरवतो. ड्रॅग लिंक चाकांचं बॉक्सशी नातं ठरवते.

ड्रॅग लिंक पुढून सोडा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, टोकाला आपटू नका. निम्मे फेरे मागे या, तो बॉक्सचा मध्य. स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि त्याच्या बाहेरच्या नळीवर खूण करा. चाकं सरळ पुढे ठेवा. आता ड्रॅग लिंकची लांबी अशी लावा की पिन जोर न लावता आर्मच्या भोकात उतरेल. लांबी पुरत नसेल किंवा लिंक फारच बाहेर निघत असेल तर ड्रॉप आर्म स्प्लाइनवर एका दाताने चुकीचा बसलाय का ते पाहा, आर्म आणि शाफ्टवर जुळवणीच्या खुणा असतात.

जोडून झाल्यावर डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवा. एक्सलवरचे स्टॉप आधी टेकले पाहिजेत, बॉक्सच्या आतला शेवट नंतर. बॉक्स आधी थांबला तर प्रत्येक वळणावर चाकाचा सगळा धक्का बॉक्सच्या आतल्या भागांवर येतो.

बॉक्समध्ये थोडा फेर आहे म्हणालात. मध्यात बॉक्स सगळ्यात जास्त झिजतो, म्हणून ॲडजस्टमेंट मध्यावरच करायची, ड्रॅग लिंक सोडलेली असतानाच. टोकाकडे मोकळीक काढली तर मध्य ठीक वाटेल असं नाही, आणि मध्यात जास्त आवळला तर वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही.

सैल_बोल्ट

पॉवर स्टिअरिंगवाल्यांनी हे सगळं कसं तपासायचं? इंजिन चालू ठेवून?

आटेदार

सांध्यांची मोकळीक बघताना इंजिन बंदच. इंजिन चालू असताना तेलाच्या दाबाने सांधे एका बाजूला रेटले जाऊ शकतात आणि मोकळीक लपू शकते. सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या पिना आणि बॉलही यादीत घ्या. पॉवरवाल्यांचे टाय रॉड एंड लवकर जातात, कारण उभ्या ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी वळवली तरी हाताला जोर लागत नाही, सगळा ताण सांध्यांवर जातो.

बांधावरचा

झालं. पुढे 1173, मागे 1177, टो-इन 4. आटे आत 31 मिमी उरले. स्टिअरिंगचा मोकळा फेर आता 3 सेंमी. डावीकडे पूर्ण वळवल्यावर मात्र टाय रॉड किंचित अडकल्यासारखा होतो आणि ट्यूब हलकी पिळते. काय असेल?

जुना_पाना

दोन्ही एंडची डोकी एका पातळीत नाहीत. क्लॅम्प सैल करा, चाकं सरळ ठेवा, दोन्ही डोकी पिनवर सारखीच, मधोमध बसतील अशी ट्यूब फिरवून घ्या आणि मग क्लॅम्प आवळा. एक डोकं पुढे झुकलेलं आणि दुसरं मागे असेल तर बॉलचा झोका एका बाजूला लवकर संपतो. तसंच चालवलं तर क्लॅम्प सैल होतो नाहीतर पिन मानेपाशी तुटते.

क्लॅम्पची चीर ट्यूबच्या चिरेच्या जवळ असू द्या, नाहीतर आवळूनही धरत नाही. बोल्टचं डोकं वळताना एक्सलला घासणार नाही अशा बाजूला ठेवा. मग एका पुढच्या चाकाखाली जाड ठोकळा घाला म्हणजे एक्सल तिरका होईल, आणि डावी-उजवी पूर्ण वळवून पाहा. ठोकळा दुसऱ्या चाकाखाली घालून परत तेच. सपाटीवर न घासणारा रॉड शेतात तिरक्या एक्सलला घासतो.

बांधावरचा

तेच होतं, उजवं डोकं झुकलेलं होतं. आता मोकळं वळतंय. थरथर बरीच कमी झाली, पण वेग वाढवला की थोडी आहे.

ग्रीसगन

आधी हवा. दोन्ही पुढच्या टायरची हवा गेजने मोजून पुस्तकाप्रमाणे सारखी करा. मग रिब: आतून खाल्लेले टायर टो-इन नीट झाला तरी काही काळ थरथरतातच. दोन्ही टायर रिमवरून उतरवून, फिरवून चढवले तर झिजलेली बाजू बाहेर येते आणि ते समान होतात. रिबची दिशा असलेला टायर असेल तर डाव्याचा उजवीकडे टाका, म्हणजे दिशा राहते. त्यानंतरही राहिली तर डावा किंगपिन बुश, जो तुम्ही "किंचित" म्हणालात.

ग्रीसचं: नव्या एंडला निप्पल असेल तर रोजच्या कामात 10 तासांनी एक-दोन पंप. बूट थोडा फुगला की थांबा. जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारत राहिलात तर बूट फाटतो आणि त्यातून माती आत जाते. निप्पल नसलेल्या एंडचा बूट फाटला की एंड बदलायचाच. पहिल्या 10 तासांनी क्लॅम्पचे बोल्ट आणि आर्मचे बोल्ट पान्याने परत तपासा, आणि टो-इन एकदा मोजा. नवे टेपर थोडे बसतात, एक-दोन मिमीचा फरक येऊ शकतो.